घुमट हातात, डबा बेल्टवर: गोव्याहून विमानानं खाऊ आणि नाजूक वस्तू नेताना

आमच्या फोंड्याकडे कुणी विमानानं निघालं की बॅग भरायची एक ठरलेली रीत आहे. आई, वहिनी, आत्या असा सगळा बायकांचा ताफा जमतो आणि स्वयंपाकघर थोडं थोडं करून हातातल्या पिशवीत शिरू लागतं. "हे हातातच घे हो, मोठ्या बॅगेत सांडेल." लोणचं हातात, आगळ (कोकमाचा रस) हातात, लाडू हातात. आणि जे खरोखर फुटतं, म्हणजे घुमट (आरतीला वाजवायचं मातीचं वाद्य), मातीची मूर्ती, रंगवलेली फरशी, ते मात्र मोठ्या बॅगेत तळाशी. वर 'फ्रॅजाइल'ची चिठ्ठी लावली की आपलं कर्तव्य संपलं.

पहिल्यांदा विमानानं दिल्लीला गेलो तेव्हा मीही हेच केलं. हातातल्या पिशवीतला देवळाच्या प्रसादाचा नारळ सिक्युरिटीला ट्रेमध्येच राहिला. आगळाच्या बाटलीचं झाकण हवेत असताना मीच उघडलं होतं, त्यामुळे पिशवीतला पांढरा सदरा उतरेपर्यंत जांभळा. आणि दिल्लीला बेल्टवरून मोठी बॅग उचलली तर आतून खापऱ्या वाजल्या. घुमटाचं चामडं शाबूत होतं, मडकं नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम उलटा आहे. खाणं शक्य तितकं चेक-इनमध्ये, फुटणारं हातात. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच. पण पहिल्यांदा निघालेल्या माणसानं एवढी खूणगाठ बांधली तरी निम्मी धावपळ वाचते.

पायरी १: तिकीट नीट वाचा

गोव्यात विमानतळ दोन. दाबोळी वास्कोजवळ, नौदलाच्या आयएनएस हंसा तळाला लागून. तिकिटावर त्याची खूण जीओआय. दुसरा पेडणे तालुक्यात मोपाला, नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. तिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली, खूण जीओएक्स. तिकिटावर दोन्हीकडे 'गोवा' छापलेलं असतं आणि लोक चुकीच्या विमानतळावर जाऊन उभे राहतात. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे अर्धा गोवा पार करायचा. मांडीवर मूर्तीचा खोका असताना ही शर्यत नको.

दुसरं, विमान कोणतं ते बघा. मोठ्या जेट विमानात डोक्यावरच्या कप्प्यात नेहमीची केबिन बॅग बसते. पण मोपाहून जळगावसारख्या ठिकाणी जाणारी विमानं एटीआर जातीची, पंख्याची. त्यांतले कप्पे उथळ असतात. मोठी बॅग विमानाच्या शिडीपाशीच काढून घेतात आणि पोटातल्या सामानात ठेवतात. म्हणजे "हातात नेतोय" म्हणून निर्धास्त झालेली तुमची बरणी ऐनवेळी चेक-इन झाली. अशा विमानात नाजूक वस्तू वेगळ्या, लहान, पायाशी मावेल अशा पिशवीत ठेवा. आणि बॅग दारात द्यावी लागलीच तर आधी तिच्यातली पॉवर बँक काढून घ्या, ती पोटातल्या सामानात चालत नाही.

पायरी २: सात किलोंचा हिशेब

देशांतर्गत इकॉनॉमीत बहुतेक ठिकाणी हातात ७ किलोंची एकच बॅग आणि तिच्याबरोबर लॅपटॉपची किंवा बायकांची पर्स एवढंच. चेक-इनला साधारण १५ किलो. तुमच्या तिकिटावर लिहिलेला आकडा अंतिम, म्हणून तो बघा. बॅगेचा आकारही मोजतात: ५५ सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, २५ जाड हे माप डोक्यात ठेवलं तर बहुधा अडचण येत नाही.

७ किलो ऐकायला बरे वाटतात. चाकांची रिकामी केबिन बॅगच अडीच-तीन किलो खाते. उरले चार. एका किलोचा काजू, एक बेबिंका (थरांचा गोवन केक), लॅपटॉपचा चार्जर, पाण्याची बाटली, संपले. म्हणून नाजूक वस्तू न्यायची असेल तर चाकांची बॅग घरी ठेवा आणि कापडी सॅक घ्या. घरात लटकवायचा काटा नसेल तर बाथरूमच्या काट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग बॅग घेऊन. दोन्हींतला फरक हे बॅगेचं वजन. निघायच्या आदल्या रात्री करा, सकाळी वहिनी आणखी एक डबा घेऊन उभ्या असतातच.

पायरी ३: खाऊची वाटणी

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळे वाद इथेच होतात.

नारळापासून सुरुवात करू. अख्खा नारळ हातातल्या बॅगेत चालत नाही. देवळाचा असला तरी नाही. २०२४ च्या शबरीमला यात्रेच्या वेळी यात्रेकरूंना इरुमुडीतला (डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला) नारळ केबिनमध्ये न्यायला नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभागानं काही काळापुरती खास परवानगी दिली होती, यावरूनच एरवी काय असतं ते समजा. सुकं खोबरं तर चेक-इनमध्येही नको. त्यात तेल भरपूर, ते पेट घेतं, म्हणून ते ज्वालाग्राही मालात मोजतात. घरच्या मसाल्यासाठी खोबऱ्याच्या वाट्या भरल्या असतील तर काढून ठेवा, दिल्लीच्या बाजारातही वाट्या मिळतात. प्रसादाचं म्हणाल तर घरीच नारळ वाढवा, ओल्या खोबऱ्याचे तुकडे आणि साखर डब्यात घाला. प्रसाद तोच.

मग वाहणारं आणि पसरणारं. आगळ, सोलकढी, मध, तूप, खोबरेल, लोणच्याचा खार. परदेशी विमानाला नियम पक्का आहे: प्रत्येक बाटली १०० मिलीलिटरच्या आतली आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. इथे बाटलीत किती उरलंय ते बघत नाहीत, बाटलीचं माप बघतात. अर्धा लिटरच्या बाटलीत तळाला दोन चमचे आगळ उरलं असेल तरी ती गेली. लोणचं, जॅम, घट्ट दही हेसुद्धा द्रवातच धरतात. "ते घट्ट आहे हो" हा युक्तिवाद मी एका काकांना करताना ऐकला आहे, जवानानं बरणी फक्त तिरकी करून दाखवली. देशांतर्गत विमानाला पाण्याची बाटली जाते, पण त्यावरून आगळही जाईल असं समजू नका, शेवटचा शब्द समोरच्या सीआयएसएफच्या माणसाचा. मी आगळ नेतच नाही. सोलं नेतो. (घाटावरच्यांसाठी: सोलं म्हणजे आमसुलं.) वजनाला हलकी, सांडत नाहीत, कुणी विचारत नाही, आणि रात्रभर पाण्यात घातली की सकाळी आगळाचंच काम करतात.

तिखटाची पूड आणि मिरचीचं लोणचं हातात चालत नाही असंच धरून चाला. कारण सोपं आहे. मूठभर तिखट कुणाच्या डोळ्यांत गेलं तर काय होईल ते आपल्या घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. काणकोणची खोला मिरची, हरमलची मिरची, शागुतीचा मसाला, हे सगळं मोठ्या बॅगेत. अख्ख्या मिरच्याही तिथेच बऱ्या.

आता गोडाचं. काजू बिनधास्त न्या, हातात किंवा बॅगेत. भाजलेला असो की सालासकट, फक्त पाकीट बंद हवं. जत्रेतलं खाजेही तसंच, सुकं आणि टिकाऊ. आलं आणि गुळाचा पाक सुकून त्याच्यावर बसलेला असतो, फार तर तुटेल. मऊ खाऊची गोष्ट वेगळी. बेबिंका हा माझ्या नियमाला पहिला अपवाद. थरावर थर भाजून केलेलं हे प्रकरण चेक-इनमध्ये दुसऱ्याच्या बॅगेखाली आलं की थर राहत नाहीत, शिरा होतो. ते हातात घ्या. आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे सकाळी घट्ट असतं, आणि पुठ्ठ्याच्या मूळ खोक्यातच न्या.

दोदोलला मात्र एक खोड आहे. एक्स-रेच्या पडद्यावर खाण्यासारख्या सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात आणि धातू निळा. गूळ, तांदळाचं पीठ आणि नारळाचा रस आटवून केलेली दोदोलची वडी म्हणजे एकसंध, घट्ट, नारिंगी ठोकळा. स्फोटकंही सेंद्रियच आणि घट्टच, त्यामुळे पडद्यावर असा ठोकळा दिसला की बॅग बाजूला निघते. चीजची लादी, हलव्याची वडी, मोठा केक, सगळ्यांचं असंच. यात घाबरण्यासारखं काही नाही, डबा उघडून दाखवायचा आणि पुढे जायचं. दोदोल बॅगेत सगळ्यात वर ठेवा, एवढंच. तळाशी ठेवलात तर घरचे कपडे त्या टेबलावर सगळ्यांसमोर पसरतील.

सुकी मासळी. मे महिन्यात पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) बाजारातून बांगडे, सुंगटं (कोळंबी), गालमो (बारीक सुकट) घेतलेला असतो आणि पुण्यातल्या बहिणीला तो हवाच असतो. कायद्यापेक्षा इथे वास मोठा. केबिनमध्ये वास आला तर विमानवाले बॅग उतरवायला सांगू शकतात, आणि शेजारच्या सीटवरचा माणूस दीड तास तुमच्याकडे बघत राहील ते वेगळं. चेक-इनमध्येही एअरलाइनला आधी विचारून घ्या, प्रत्येकीचं धोरण वेगळं. घेतात म्हणाले तर: आधी कागद, मग जाड प्लॅस्टिकची पिशवी हवा काढून गाठ मारलेली, मग तीच पुन्हा दुसऱ्या पिशवीत, मग घट्ट झाकणाचा डबा. चोरीसच्या (डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या) माळेलाही हीच पद्धत, शिवाय तिला तेल सुटतं. ताजी मासळी हातात नेणारे मी पाहिले आहेत, मी त्यांच्यातला नाही. बर्फ वितळतो, जेलची पिशवी द्रवात मोजू शकतात, आणि कोरडा बर्फ एअरलाइनच्या परवानगीनंच, तोही माणशी जास्तीत जास्त अडीच किलो.

पदेराकडची (पाववाल्याकडची) पोयी हातात न्या, सगळ्यात वर, दबणार नाही अशी. सकाळची पोयी रात्री तव्यावर गरम केली की खाण्यासारखी असते. उंडे पाव एवढे टिकत नाहीत, चिवट होतात. पातोळ्यांचा मोह टाळा, हळदीचं पान दुपारपर्यंत काळं पडतं आणि आत घामट होतं.

फेणीवर वेगळा परिच्छेद लिहावाच लागतो, कारण गोव्याहून येणाऱ्याला पहिला प्रश्न तोच विचारतात. फेणीची बाटली हातात नाही, ती सिक्युरिटी पार केल्यावर आतल्या दुकानात घेतलेली असेल तरच केबिनमध्ये जाते. चेक-इनमध्ये २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू माणशी ५ लिटरपर्यंत, तीही कंपनीच्या सीलबंद बाटलीत. फेणी साधारण ४२ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे या पट्ट्यात बसते. पण गावच्या भट्टीवरून पाण्याच्या बाटलीत भरून आणलेली फेणी कितीही अस्सल असली तरी विमानात नाही. हुर्राकही (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) तसाच, तो भट्टीशेजारीच प्यायची गोष्ट आहे. त्यात विमानाच्या नियमाशिवाय अबकारी कायदा आहे: गोव्याबाहेर दारू न्यायला परवाना लागतो, दुकानदाराकडून बिल आणि परवान्याचं विचारून घ्या. आणि उतरायचं ठिकाण गुजरात किंवा बिहार असेल तर विषयच काढू नका, तिथे दारूबंदी आहे.

पायरी ४: डबा कोणता, झाकण कसं

स्टीलचा डबा घरात राजा, विमानतळावर संशयित. एक्स-रेत धातूच्या भिंतीमागचं नीट दिसत नाही, मग उघडायला लावतात. हातातला खाऊ पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात घ्या, स्टील मोठ्या बॅगेत जाऊ दे.

झाकणाची खरी परीक्षा हवेत होते. उडत्या विमानाच्या केबिनमधली हवा जमिनीवरच्यापेक्षा विरळ असते, साधारण ६ ते ८ हजार फुटांच्या डोंगरावर असते तेवढी. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज करा. डब्यात अडकलेली हवा फुगते आणि झाकणाला आतून रेटते. वेफर्सचं पाकीट विमानात कसं टरारून फुगतं ते पाहिलंत की कळेल. म्हणून मऊ पिशवीतली हवा दाबून काढा. बरणीच्या तोंडावर आधी प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, मग झाकण पिळा, मग झाकणाच्या कडेनं टेप गुंडाळा. आणि हवेत असताना उत्सुकतेनं उघडून बघू नका. माझा सदरा असाच गेला. शेजारच्या माणसाला आगळाचा वास द्यायला गेलो होतो.

काचेची बरणी मोठ्या बॅगेत घालायचीच असेल तर पायमोजा चढवा, मग प्लॅस्टिकची पिशवी, मग बॅगेच्या मधोमध कपड्यांच्या पोटात. कोपऱ्यात कधी नको, बॅग आपटते ती कोपऱ्यावरच.

पायरी ५: फुटणारं बांधताना

चेक-इनची बॅग पट्ट्यावरून घसरते, दुसऱ्या पट्ट्यावर पडते, गाडीत फेकली जाते, मग विमानाच्या पोटात रचली जाते. 'फ्रॅजाइल'ची चिठ्ठी लावली म्हणून यातली एकही पायरी कमी होत नाही. काही ठिकाणी तर नाजूक सामान घेताना नुकसानीची जबाबदारी आमची नाही अशा कागदावर सही मागतात. म्हणूनच हे हातात.

घुमटापासून सांगतो, कारण त्याचीच मी सगळ्यात जास्त वाहतूक केली आहे. आरती मंडळात वाजवणारे भाचे-पुतणे देशभर विखुरले की ही कामं काकावर येतात. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी तोंड असलेलं मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं. घेतानाच विचारा, चामडं बकऱ्याचं आहे ना. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत, पण घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तसलं जुनं घुमट घेऊन विमानतळावर जाणं म्हणजे गुन्ह्याला आमंत्रण.

मडकं फुटतं ते पोकळ असतं म्हणून. बाहेरून कितीही गुंडाळा, आत आधार नसेल तर एका दाबात भेग जाते. तेव्हा आधी पोट भरा. लहान तोंडातून एक मऊ पंचा आत सरकवा, गच्च नाही, हाताला किंचित दाबला जाईल इतकाच. एकच पंचा, दहा मोजे नव्हेत. कारण सिक्युरिटीला "आत काय आहे?" विचारलं की टोक धरून एका ओढीत बाहेर काढता आला पाहिजे. चामड्यावर पुठ्ठ्याची गोल चकती ठेवा, तोंडाच्या काठापेक्षा थोडी मोठी, म्हणजे वरचा दाब काठावर जातो, चामड्यावर नाही. मग दोन टॉवेल, मग खोका. खोक्याच्या भिंती आणि मडकं यांच्यात चार बोटं अंतर सगळीकडून, त्यात चुरगळलेलं वर्तमानपत्र. खोका बंद करून हलवा. आतून आवाज आला तर अजून कागद हवा.

मातीच्या गणपतीची गोष्ट थोडी निराळी. तिथे फुटायच्या जागा ठरलेल्या: सोंड, कान, वर उचललेला हात, मुकुटाचं टोक. फुग्यांचं प्लॅस्टिक सरळ रंगावर गुंडाळू नका, उन्हात त्याचे ठसे रंगावर उमटतात. आधी मलमलचं जुनं धोतर किंवा ओढणी, मग बाकीचं. टेप कापडाला लावा, मूर्तीला कधीच नाही. सोंड आणि पोट यांच्यातल्या पोकळीत कापसाचा बोळा हलकेच ठेवा, कोंबू नका, कोंबलेला बोळाच सोंड मोडतो. मूर्ती सात किलोंत आणि मापात बसत नसेल तर काही एअरलाइन अशा सामानासाठी शेजारची सीट विकत देतात, बुकिंग करताना फोन करून विचारा. महाग पडतं. पण चतुर्थीला हात मोडलेला गणपती घरी आणण्यापेक्षा बरं.

पणजीत मिळणाऱ्या रंगवलेल्या फरश्या, अझुलेज, यांची सोपी युक्ती आहे. आडव्या रचू नका. ताट, फरशी, काच, काहीही उभं ठेवलं की कमी फुटतं, आडवं ठेवलं की वरचं वजन मधोमध येतं. दोन फरश्या तोंडाला तोंड लावून, मध्ये फोमचा पातळ तुकडा, बाहेरून दोन्हीकडे पुठ्ठा, आणि सॅकच्या लॅपटॉपच्या कप्प्यात उभ्या. तो कप्पा मऊच असतो.

पितळी समई हातात घेऊ नका. वर टोक, वजनाला जड, काठीसारखी लांब. जवानाच्या जागी मी असतो तर मीही अडवली असती. समईचे भाग पिळून सुटतात, सुटे करा, तेलाचा अंश पुसून धुवून वाळवा आणि कपड्यांत गुंडाळून चेक-इनमध्ये टाका. समई फुटत नाही, फार तर पोचा येईल. आदोळी, विळी, अडकित्ता, सुरीसुद्धा तिकडेच, धारेवर पुठ्ठा बांधून. समुद्रकिनाऱ्यावरचे शंख आणि पोवळी मात्र घेऊच नका, त्यातल्या कित्येक जाती कायद्यानं संरक्षित आहेत आणि कुठली कुठली ते तुम्हाला-मला बघून कळणार नाही.

पायरी ६: सिक्युरिटीच्या टेबलापाशी

खोक्याला टेप कमी लावा. सगळीकडून चिकटवलेला खोका उघडताना कात्री लागते आणि कात्री तुमच्याकडे नसते. दोन पट्ट्या पुरेत. टेपचं एक रीळ बरोबर ठेवा, धातूच्या कापणीशिवायचं, म्हणजे तपासणीनंतर पुन्हा बांधता येईल.

ट्रेमध्ये ठेवायच्या आधीच सांगा: "साहेब, आत मातीची मूर्ती आहे, आडवी करू नका." बहुतेक वेळा ते हातानं तपासतात. घुमट असेल तर मडकं म्हणू नका, वाद्य म्हणा. मला विचारलं होतं वाजवून दाखवा म्हणून, रांगेतल्या दोघांनी टाळ्या धरल्या.

आणखी एक, हे मी प्रत्येकाला सांगतो. सोडायला आलेल्या माणसाला लगेच घरी पाठवू नका. तुम्ही सिक्युरिटी पार झाल्याचा फोन करेपर्यंत त्याला बाहेर थांबवा. काही अडकलंच आणि हाताशी वेळ असेल तर एअरलाइनच्या माणसाला धरून ते परत द्यायची सोय होऊ शकते. माझा भाऊ नारळ आत गेला असं समजून तोवर बांबोळी ओलांडून गेला होता. मोपाला निघताना तर वेळेचा हिशेब आणखी सैल ठेवा, मडगावहून येणाऱ्यांनी खास.

पायरी ७: विमानात

नाजूक पिशवी पुढच्या सीटखाली, पायाशी. वरच्या कप्प्यात ठेवली की मागून येणारा तिच्यावर आपली चाकांची बॅग ढकलतो. फक्त सीट निवडताना पहिली रांग आणि आपत्कालीन दाराची रांग टाळा, तिथे उड्डाणाच्या आणि उतरायच्या वेळी पायाशी काही ठेवू देत नाहीत. विमान थांबल्यावर सगळे उभे राहतात तेव्हा तुम्ही बसून राहा. सगळ्यात जास्त धक्के याच पाच मिनिटांत बसतात.

परदेशी जाणार असाल तर

आपल्या विमानतळातून सुटलं म्हणजे संपलं नाही, तिकडे कस्टम बसलेलं असतं. आखाती देशांत आणि सिंगापूरला खसखस चालत नाही, ती अमली पदार्थात धरतात. नुसती पुडी नव्हे. शागुतीच्या मसाल्यात खसखस असते, करंजीच्या सारणात असते, अनारशावर तर डोळ्यांना दिसते. दुबईतल्या मुलाला दिवाळीचा फराळ पाठवताना अनारसे बाजूला ठेवा आणि करंजीचं सारण खसखशीशिवाय करा. मसाला विकतचा असेल तर पाकिटावरची यादी वाचा.

ब्रिटन आणि युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. चोरीस गेलं, पेढे आणि बर्फीही गेली. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत खाण्याचं काय आणलंय ते जाहीर करावं लागतं, तिथे काजूचं पाकीटसुद्धा सांगा. सांगून काढून घेतलं तर फक्त पाकीट जातं, लपवलं तर दंड. वाटेत दुसऱ्या विमानतळावर विमान बदलायचं असेल तर ड्यूटी-फ्रीची बाटली सीलबंद पिशवीतच राहू द्या, पावती आतच.

उतरल्यावर

चेक-इनमधली बॅग बेल्टवरून उचलली की तिथेच हलवून आणि चाचपून बघा. आत काही फुटलंय, सांडलंय असं वाटलं तर बाहेर पडायच्या आधी एअरलाइनच्या सामानाच्या काउंटरवर तक्रार लिहून द्या, तिची प्रत घ्या, फोटो काढा. परदेशी प्रवासात ही लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते. घरी जाऊन दुसऱ्या दिवशी फोन केला तर "बाहेर काय झालं ते आम्हाला काय माहीत" हे उत्तर ठरलेलं.

घरी पोचल्यावर बेबिंका लगेच फ्रिजमध्ये. सोलं हवाबंद बरणीत. घुमटातला पंचा काढा, पण लगेच वाजवायला घेऊ नका. गोव्याच्या दमट हवेत ताणलेलं चामडं पुण्या-दिल्लीच्या कोरड्या हवेत आणखी आवळतं. एक-दोन दिवस सावलीत, कपड्यात गुंडाळून ठेवा, आणि पहिली थाप हलकी मारा.